दोन बोटं आखूड

लालबाग
मंगळवार, दुपार

प्रिय निलेश,

हे पत्र गुरुवारी निघेल. वकिलांच्या ऑफिसातल्या एक बाई त्या दिवशी विमानाने तिकडे येणार आहेत आणि तुम्हा तिघांच्या घरून एकेकच पत्र आत नेता येईल, असं त्यांनी सांगितलंय. तीन कागद, त्याहून जास्त नाही. म्हणून अक्षर बारीक काढते आहे, चष्मा लावून वाच. चष्मा तुझ्याजवळ राहू दिलाय की काढून घेतलाय हेसुद्धा मला माहीत नाही. असलं काहीतरी रोज नवीन आठवतं. परवा बसस्टॉपवर उभी असताना आठवलं की तुला उशी उंच लागते, आणि माझी बस समोरून निघून गेली.

मी घाबरले आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे शूरपणाचा आव आणायला नको. मोबाइल वाजला की मी आधी देव्हाऱ्याकडे बघते, मग नंबराकडे. लॅबमध्ये दिवसाला चाळीस जणांच्या दंडातून रक्त काढते, सुई तसूभर हलत नाही. पण अनोळखी नंबर आला की अंगठा उचलत नाही. गेल्या आठवड्यात हिंमत करून घेतला, तर क्रेडिट कार्ड विकणारी मुलगी निघाली. तिला मी इतक्या प्रेमाने थँक्यू म्हटलं की तीच गडबडली.

तर, तुझ्या क्यूची, त्या पूल खेळायच्या काठीची, केस. जायच्या आदल्या दिवशी तू दादरच्या पूल पार्लरमधून नवा क्यू घेऊन आलास, त्याचे दोन तुकडे सोडवून दाखवलेस, पुन्हा जोडलेस, पुन्हा सोडवलेस. मुलाला नवं दप्तर आणल्यावर तो करतो तसं तुझं चाललं होतं. बाजारातल्या केस सगळ्या प्लास्टिकच्या, असं तू म्हणालास आणि मी बोलून बसले की तू येईपर्यंत घरीच चामड्याची शिवून ठेवते. मला चामड्यातलं काय कळतं? मी आप्पांच्या जिवावर बोलले. मिलमध्ये मशीनचा चामड्याचा पट्टा तुटला की अख्खं खातं थांबायचं आणि मुकादम ‘रमाकांत, रमाकांत’ अशा आप्पांना हाका मारत धावत यायचा, ही गोष्ट तू लहानपणापासून ऐकतोस आणि मी लग्न झाल्यापासून. म्हटलं, बघू तरी खरंच शिवता येतं का यांना.

तुम्हाला जहाजावरून उतरवून बंद केल्याचं कळलं त्याच्या तिसऱ्या दिवशी मी धारावीत जाऊन म्हशीचं चामडं घेऊन आले. त्याच दिवशी का, ते विचारू नकोस. हाताला काम नसतं तर मी वेडी झाले असते. आप्पांना सांगितलं की जहाजाचं इंजिन बिघडलंय, परक्या बंदरात दुरुस्तीला टाकलंय, चार-पाच महिने लागतील. त्यांचं बीपी तुला माहीत आहे. त्यांनी नुसतं हं केलं, चामड्याचा वास घेतला, अंगठ्याने दाबून पाहिलं आणि कपाटाखालून मिलमधली हत्यारं काढली. चामडं तासायची रापी आणि भोकं पाडायची आरी, दोन्ही तेल लावून कापडात ठेवलेल्या. चाळीस वर्षं कोणासाठी तेल लावत होते, देव जाणे.

देव्हाऱ्यासमोर चामडं नको म्हणून आमचा कारखाना गॅलरीत सुरू झाला. प्लंबरकडून पीव्हीसीचे दोन पाइप आणले, क्यूच्या एकेका तुकड्याला एकेक. चामडं ओलं करून त्यांच्यावर गुंडाळायचं, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून बांधायचं आणि सुकू द्यायचं. शिवणीची भोकं सारख्या अंतरावर यावीत म्हणून आप्पांनी आपला पुलाव खायचा काटा घेतला आणि कडेने दाबत खुणा केल्या. मग आरीने भोक पाडायचं, मेण चोळलेला दोरा, दोन टोकांना दोन सुया, एकाच भोकातून दोन्ही सुया समोरासमोर जायच्या. मी सुईवाली बाई, मला वाटलं होतं सोपं असेल. पण दंडातलं भोक दुसऱ्या दिवशी बुजतं, चामड्यातलं बुजत नाही. पहिल्या दिवशी मी आरी टेकवून तीनदा परत उचलली, तेव्हा आप्पा म्हणाले, “अगो, भियाचा नाय. पण एकदा भोक पडला की पडला, ह्या ध्यानात ठेव.” असा धीर तुझ्या वडलांनीच द्यावा. शेजारच्या बेबीताई रोज विचारायच्या, काय शिवताय, तर आप्पा गंभीर चेहऱ्याने सांगायचे, सुनेक बंदूक घेतलंय, तिचा म्यान शिवतंय.

आता माझी चूक सांगते. ती मी अजून कोणाला धड सांगितलेली नाही. क्यू तू आईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून, वर गाठ मारून कपाटावर ठेवून गेलास. माणूस प्रवासाला निघाला की त्याच्यामागे लगेच केर काढायचा नाही, त्याचं अंथरूण त्या दिवशी धुवायला टाकायचं नाही, हे आई असताना त्यांनी मला शिकवलेलं. तेव्हा मी मनातल्या मनात हसायचे. या वेळी मीच त्यात भर घातली. तू मारलेली गाठ तू आल्याशिवाय सोडायची नाही, असं ठरवून टाकलं. बातमी आल्यावर तर त्या बोचक्याकडे बघायचीही भीती वाटायला लागली. वाटायचं, ही गाठ सोडली तर तिकडे काहीतरी होईल. रक्ताचे रिपोर्ट हातात घेऊन लोकांना, घाबरू नका, नुसते आकडे आहेत, असं सांगणारी मी. पण क्यू न मोजता मी पार्लरमध्ये फोन लावला. काउंटरवरचा माणूस फार गोड बोलला. “वहिनी, सगळ्यांचे सारखेच असतात. एकोणतीस इंचाचे दोन पीस. बिनधास्त कापा.” मी कागदावर एकोणतीस लिहिलं. आप्पांनी विचारलं, मोजलंस? मी हो म्हटलं.

दीड महिना शिवत होतो. रविवारी दिवसभर, एरवी मी लॅबमधून आल्यावर दिवेलागणीपर्यंत. शेवटी टोपण बसवायची वेळ आली आणि आप्पा म्हणाले, काठी आण. मी म्हटलं, उद्या. दुसऱ्या दिवशी म्हटलं, डोकं दुखतंय. तिसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर शहात्तर वर्षांचा हा माणूस स्टुलावर उभा राहून कपाटावरचं बोचकं ओढत होता. मी ओरडले, नको. त्यांनी ऐकलं नाही. खाली उतरले, चटईवर बसले आणि शांतपणे ती गाठ सोडली. मी भिंतीला टेकून उभी होते, आता मोबाइल वाजणार म्हणून. तो वाजला नाही. आप्पांनी दोन्ही तुकडे दोन नळ्यांत घातले. दोन्ही दोन-दोन बोटं वर राहिले. तू सांध्याच्या टोकांना पितळेच्या टोप्या बसवून घेतल्या होत्यास, त्यांचा हिशेब त्या गोड बोलणाऱ्याने धरलाच नव्हता. टोपण काही केल्या लागेना.

आणि निलेश, तेव्हा मला तुझा राग आला. दीड-दोन महिने मी दाबून ठेवलेला, भीतीच्या खाली कुठेतरी गेलेला राग. टाक्यांमध्ये किती तेल आहे ते मोजायचं काम चीफ ऑफिसरचं, तो तापाने पडलेला, आणि कॅप्टन तुला म्हणाला, तेवढी सही करून टाक रे, तू थर्ड ऑफिसर आहेस, चालतं. आणि तू केलीस. टाकीत मोजायची दोरी न सोडता, न बघता. तिथल्या लोकांनी मोजलं तर तेल कागदापेक्षा भलतंच जास्त, म्हणून तुमच्यावर तस्करीचा आळ. एवढा शिकलेला माणूस असं करतोच कसा, असं मी रोज म्हणत होते. आणि आता हातात माझीच केस, माझ्याच अक्षरात लिहिलेलं एकोणतीस. मी चटईवर बसून इतकी रडले की बेबीताई बाहेर आल्या. आप्पांनी त्यांना हाताने आत जायला सांगितलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “आता खरा सांग. माझ्या झिलाक खंय ठेवल्यानी?”

मुलाला कुठेतरी डांबलंय, हे त्यांना माहीत होतं. महिन्यापूर्वीच पेपरात जहाजाचं नाव आलं होतं, ते त्यांनी वाचलं होतं. पेपरचं ते पान गादीखाली ठेवलं आणि माझ्याबरोबर शिवत बसले. मी त्यांच्यापासून लपवतेय आणि ते माझ्यापासून, आणि मध्ये चटईवर तुझी केस. मी घाबरून त्यांचं बीपी तपासलं, तर ते ठणठणीत. माझंच वाढलेलं निघालं. मग मी सगळं सांगितलं, तारखांसकट. त्यांनी रापीची धार अंगठ्यावर पाहिली. म्हणाले, मिलमध्ये तुटलेला पट्टा नवा आणून बसवत नसत, जोडत असत. त्यांनी दोन्ही कडा रापीने तासून तासून कागदासारख्या पातळ केल्या, उरलेला तुकडा त्यावर चढवला, आणि सांधा असा शिवला की बोट फिरवलं तरी कळत नाही. आता टोपण लागतं. परवा त्यांनी तेल लावून ती खिळ्याला टांगली आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.

शिवता शिवता तुझ्याच गोष्टी निघाल्या. मला बघायला यायच्या आधी परळला एक मुलगी बघायला गेला होतास, ती गोष्ट मला पहिल्यांदाच कळली. तिथे पोहे खाऊन तू तिच्या वडलांना, मुलगी पसंत आहे, असं सांगून आलास, कारण नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल. मग आप्पांना जाऊन त्यांचे पाय धरावे लागले. आप्पा हसत होते. मीही हसले, आणि हसता हसता सुई खाली ठेवली. तुला समोरच्या माणसाला नाही म्हणता येत नाही, निलेश. भीड ही तुझ्यात आईंकडून आली, त्या दारात आलेल्या विक्रेत्याकडून तीन-तीन झाडू घ्यायच्या. घरात हे चालतं. तू आता घरात नाहीस.

ज्यासाठी लिहायला बसले ते आता लिहिते, कागद संपत आलाय. शुक्रवारी आपल्याला फोनवर चार मिनिटं मिळाली. त्यातली तीन मी रडण्यात घालवली आणि शेवटी म्हणाले, काहीही कर, पण लवकर घरी ये. तू म्हणालास, बरं. लाइन कट झाली. शनिवारी वकिलांनी मला सांगितलं की या पंधरवड्यात तिथले अधिकारी तुझ्यासमोर एक कागद ठेवतील. त्यांच्या भाषेतला. सही केली तर महिन्याभरात घरी, असं तोंडी सांगतील. त्यात लिहिलेलं असेल की टाकीत काय आहे ते तुला आधीपासून माहीत होतं. तुमच्या आधी त्याच बंदरात धरलेल्या एका जहाजावरच्या दोघांनी त्या कागदावर सही केली, त्यांना सहा-सहा वर्षांची शिक्षा झाली. सही केली नाहीस तर सुनावणी होईल, तिला वर्ष लागेल, कदाचित दीड, पण वकील म्हणतात की तू सुटशील. बाई तुलाही हेच सांगतील. तू त्यांना हो म्हणशील आणि त्यांच्यानंतर येणाऱ्या माणसालाही हो म्हणशील, म्हणून हे माझ्या हाताने लिहिते आहे. शनिवारपासून माझा डोळ्याला डोळा नाही, तुझं ते बरं माझ्या कानातून जात नाही. शुक्रवारी मी जे बोलले ते परत घेते. तो माणूस गोड बोलेल, चहा देईल, घरी कोण कोण असतं विचारेल. चहा पी, हात मांडीखाली ठेव, आणि नाही म्हण. वाईट वाटलं तर वाटू दे त्याला. आप्पा आणि मी वर्ष काढू, दीड वर्ष काढू, घाबरत घाबरत का होईना, काढू. तू लवकर येऊ नकोस.

तुझीच,
नम्रता