तुमची लस अजून बाकी आहे

अहो,
तुम्ही फिरायला गेलात आणि फोन नेहमीसारखा फ्रिजवर विसरलात, म्हणून ही चिठ्ठी. पीतज्वराच्या साथीमुळे आपलं पुढच्या महिन्याचं विमान रद्द झालं, पण आपल्या लेकीने, ऋचाने, तिकडून धडपड करून आज संध्याकाळच्याच विमानात जागा मिळवली! टॅक्सी खाली उभी आहे. साठाव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसणार, तेही थेट युगांडाला, तिच्या घरी!

जागा माझ्या एकटीचीच आहे. लस घेऊन दहा दिवस झाल्याशिवाय तिकडे घेत नाहीत, आणि तुम्ही "मला काही होत नाही" म्हणून घेतलीच नाहीत. मागच्या महिन्यात मी भिशीला म्हणून गेले, ती लस टोचून घरी आले. हसू नका.

आमटी वाढून घ्या, पातेल्यातूनच खाऊ नका. लसीच्या केंद्रात तुमची उद्या सकाळी दहाची वेळ घेतलीय. ऋचाच्या बाळाची सगळी दुपटी मुद्दाम तुमच्या बॅगेत भरलीयत.

लेकीने चार वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, "बाबा येतायत का?" मी सांगून टाकलं, दहा दिवसांनी येतायत. मला खोटं पाडू नका.

कुसुम