बेचाळिसावं वर्तुळ

प्रिय प्रीता,

आई पत्र लिहितेय म्हणजे फोनवर बोलण्यासारखं काही नाही, हे तू ओळखलंच असशील. सावकाश वाच. मराठी शाळेत दर रविवारी रडत जायचीस, त्याचा आज उपयोग होऊ दे.

तुमच्या संशोधनाला पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा टाळ्या वाजवताना मी मध्येच थांबले होते. कृष्णवर्णीयांच्या त्या जुन्या विद्यापीठात तू प्रवेश घेतलास, तेव्हा कॅरी गावातल्या मराठी काकूंना मी 'इथेच जवळ शिकते' एवढंच सांगायचे. त्याची लाज त्या सभागृहात वाटलीच, पण मी त्यामुळे थांबले नव्हते. पडद्यावर तुमचा नकाशा होता. आपल्या कुंपणामागच्या रानात जमिनीत लहरी सोडून तुम्ही शोधलेल्या, गुलामीतून सुटलेल्यांच्या एकेचाळीस कबरी आणि एक रिकामं वर्तुळ. ते न सापडलेल्या कबरीचं, तुझ्या संशोधनातल्या जोडीदारणीच्या, इमानीच्या, आजीच्या आजीचं, हॅटीचं. घरच्यांना नाव आठवतं, पण कबरीचा दगड नाही, जागा नाही. पहिल्या रांगेत इमानीची आजी बसली होती. ती सगळा वेळ त्या वर्तुळाकडेच बघत होती.

मागच्या उन्हाळ्यात, खणताना कुणाला दगड सापडला का, असं तू घरोघर विचारत फिरलीस. मलाही विचारलंस. मी नाही म्हणाले आणि तुझ्या पानात आणखी एक थालीपीठ वाढलं.

सापडला होता गं. तू दोन वर्षांची होतीस, घर नवं होतं, बाबा मेथीचा वाफा खणत होते. दगडावर अक्षरं कोरलेली होती. आम्ही दोघांनी वाचली. तेव्हा आपण व्हिसावर, ग्रीन कार्ड अडकलेलं. बाबा म्हणाले, कुठल्याही ऑफिसात उगाच आपलं नाव नको. अक्षरांची बाजू खाली करून त्यांनी दगड मागच्या पायरीजवळ बसवला आणि मी त्यावर तुळशीची कुंडी ठेवली. थंडीत कुंडी आत यायची, दगड बाहेर राहायचा. तरी दिवा मी दगडावरच लावायचे. का, ते मी स्वतःला कधी विचारलं नाही.

बाबा गेल्यापासून हे फक्त मला माहीत आहे. हल्ली तिन्हीसांजेला हात जोडले की पाठीमागे कुणीतरी उभं असतं. वळून बघायचा धीर होत नाही. ती रागावलेली वाटत नाही. माझं आटपायची वाट बघत असते, एवढंच.

काल मी कुंडी काढली आणि दगड उलटून पाहिला. हॅटी. वर्ष पुसट झालंय, नाव मात्र अजून स्पष्ट आहे. शनिवारी इमानीला आणि तिच्या आजीला घरी घेऊन ये. कुंपणापासून चार पावलं, मेथीच्या वाफ्याच्या डाव्या टोकाला मी काठी रोवून ठेवलीय. दगड तिथे होता. आम्ही काय केलं ते मी आजींना माझ्या तोंडाने सांगेन. तू मध्ये पडून माझी बाजू घेऊ नकोस.

तुझीच,
आई