पाचवा मोरया

योकोहामा,
रविवार सकाळ

प्रिय आई,

आधी बातमी, मग बाकीचं. अगं, माझी निवड झाली! अमेरिकन फुटबॉलच्या क्लबात, थेट पहिल्या संघात! काल दुपारी मोरिता-सानांनी, म्हणजे आमच्या कोचनी, भिंतीवर यादी लावली आणि शेवटून दुसरं नाव माझं. मी ते तीनदा वाचलं. मग स्टेशनपर्यंत अक्षरशः उड्या मारत गेलो, कोन्बिनी दुकानात शिरलो आणि आनंदाच्या भरात चार ओनिगिरी, ते भाताचे गोळे, घेतले. चारही उभ्याउभ्याच संपवले. तुला फोन करायला मोबाइल काढलाही होता, पण केला नाही. का ते शेवटी लिहितो, नाहीतर तू मधलं काहीच नीट वाचणार नाहीस.

आता तू विचारशील, मग तुझ्या त्या लाल पपईचं काय झालं? पपई हा तुझाच शब्द. मेलबर्नला शेजारच्या शैलेंद्रकाकांनी माझ्या आठव्या वाढदिवसाला तो लांबट चेंडू दिला तेव्हा तू म्हणाली होतीस, ही पपई कुठून आणली? त्या पपईने मला ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं जे वेड लावलं, ते बाबांची बदली जपानला झाली तरी सुटलं नाही. टोकियोजवळ ग्योतोकुच्या घरात खोकी अजून फोडायची होती आणि मी चेंडू शोधत बसलो होतो. पण सबंध ग्योतोकुत हा खेळ कुणाला ठाऊकच नव्हता. शेवटी माझ्याबरोबर खेळायला एकच माणूस उरलं, तू.

मोठा झाल्यावर मी टोकियोतल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या क्लबात गेलो, हे तुला माहीत आहे. जे माहीत नाही ते आज सांगतो. तिथे सहा वर्षं मी बोलणी खाल्ली. माझी किक फार उंच जायची. आमच्या त्या खेळात चेंडू साथीदाराकडे सपाट आणि झटकन पोचवायचा असतो. माझा आकाशात रेंगाळायचा आणि तो खाली येईपर्यंत साथीदाराभोवती समोरचे तिघं जमलेले असायचे. मी किक खाली आणायचा इतका प्रयत्न केला, पण पाय ऐकायलाच तयार नाही. गेल्या वर्षी मला सरळ बाकावर बसवलं. तुला मात्र मी व्हिडिओ कॉलवर दर रविवारी मस्त खेळलो म्हणून थापा मारत होतो. सत्ताविसाव्या वर्षी बाकावर बसलेल्या माणसाने खेळ सोडून सोमवार ते शुक्रवार कोड लिहावा, एवढंच उरलं होतं.

तेवढ्यात क्लबातल्या एका ऑस्ट्रेलियन मित्राने सुचवलं, की आपल्या खेळातले बरेच जण अमेरिकन फुटबॉलमध्ये पंटर होतात, तूही बघ जाऊन. पंटरचं काम तुला दोन वाक्यांत सांगतो. आपल्या संघाला पुढे सरकता येईनासं झालं, की पंटरने येऊन चेंडू लाथेने लांब समोरच्यांच्या हद्दीत भिरकावायचा आणि गुमान बाहेर जाऊन बसायचं. सबंध सामन्यात असं चार-पाच वेळा, एका वेळी दहा सेकंद. तेवढ्यासाठी हेल्मेट, खांद्यांवर हे एवढाले पॅड. तू बघितलंस तर म्हणशील, एवढा नटून निघालास कुठे?

एप्रिलमध्ये चाचणी होती. ही माझी शेवटची संधी आहे हे पक्कं ठरवून गेलो होतो. इथे नाही झालं तर बूट ज्वलनशील कचरा उचलायच्या वारी बाहेर ठेवून द्यायचे. आणि पहिल्याच चेंडूला मी काय केलं असेल? हसू नकोस हं. चेंडू मागे माझ्याकडे आला, मी छान झेलला, किकसाठी उजवीकडे पळालो आणि पळता पळता सवयीने चेंडूचा जमिनीवर एकदा टप्पा मारला! आमच्या खेळात चेंडू घेऊन पंधरा मीटर पळालं की तो जमिनीला टेकवावाच लागतो, नाहीतर शिट्टी. अमेरिकन खेळात हातातून सुटलेला चेंडू ज्याला मिळेल त्याचा! शंभर-सव्वाशे किलोचा एक गडी त्याच्यावर झेपावला, दुसरा माझ्यावर. मी गवतात उताणा. इथली माणसं तोंडावर हसतही नाहीत गं, ते जास्त लागतं. मला वाटलं, संपलं.

पण मोरिता-सान वाकून माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, पळू नकोस, उभ्याने तीन किक मार. पहिली मी जीव खाऊन मारली, लांब आणि जमेल तेवढी सपाट, सहा वर्षं मला शिकवली तशी. त्यांनी मान हलवली. लांबी नको, उंची दे, म्हणाले. आपली मुलं चेंडूखाली पोचेपर्यंत तो वर राहिला पाहिजे. दुसरी घाबरून कशीतरीच गेली.

तिसऱ्या वेळी चेंडू हातात घेतला आणि मला तू दिसलीस. एदोगावा नदीच्या काठावर, तोझाई लाइनच्या रेल्वेपुलाजवळ, ओढणी कमरेला बांधून, दोन-दोन मोजे चढवून बाबांचे जुने बूट घातलेली तू. तुझा गुडघा तेव्हापासूनच दुखायचा. मेल्या, उंच मार, मला तिथवर पोचायला वेळ नको का, असं ओरडायचीस. आणि चेंडू वर असेपर्यंत मोजायचीस, एक मोरया, दोन मोरया. एका मोरयाला बरोबर एक सेकंद लागतो हे बाबांनी घड्याळ लावून सिद्धही केलं होतं. माझी मजल तीन मोरयांपर्यंत. पाचवा मोरया आला तर गुलाबजाम, हे तुझं वचन. म्हणून माझी किक उंच जायची, आई! तुला चेंडूखाली पोचता यावं म्हणून. सहा वर्षं ज्याला मी खोड समजत होतो, ती तुझी शिकवण होती.

मी मारली. आणि चेंडू वर, वर, वर! तोंडाने आपोआप मोजत होतो आणि पाचवा मोरया तोंडात असतानाच तो खाली आला. घड्याळात चार पूर्णांक सात सेकंद! मोरिता-सानांनी विचारलं, तू हे काय पुटपुटतोस? मी सांगितलं. त्यांनी मला सरावाला घेतलं आणि आता सगळा संघ मोजतो. पावणेदोन मीटर रुंद वाटणारी ही धिप्पाड जपानी मुलं एका सुरात इची मोराया, नी मोराया म्हणतात, तेव्हा हसून माझी पुरेवाट होते.

आता फोन का नाही केला ते. मी तेरा वर्षांचा होतो. पुलाशेजारच्या बांधावर माझ्या वर्गातली बेसबॉलवाली मुलं सायकली थांबवून उभी राहिली. तू धावताना पडलीस आणि ती हसली. मी तुला उठवायला आलो नाही. उलट त्यांना ऐकू जावं म्हणून जपानीत तुझ्यावर ओरडलो, मो कोनाइदे. पुन्हा येऊ नकोस. तुला जपानी फारसं कळत नाही असं मी स्वतःला सांगत आलो. पण तुला कळलं होतं. तू कपडे झटकलेस, गॅसवर वरण आहे म्हणालीस आणि घरी गेलीस. पुढच्या रविवारपासून तू आली नाहीस, आणि एका शब्दाने कधी बोलली नाहीस. मी पुलाच्या खांबावर किक मारत राहिलो. फोनवर मराठी बोलताना मी अडखळतो; हे इंग्रजीत किंवा जपानीत सांगता आलं असतं, पण ते तुझ्यापर्यंत पोचलं नसतं. म्हणून काल रात्रीपासून बसून मराठीत लिहितोय. मी चुकलो, आई. मला माफ कर. क्लबाच्या पुस्तिकेत प्रत्येक खेळाडूच्या नावाखाली त्याचा पहिला कोच कोण ते छापतात. माझ्या नावाखाली ज्योत्स्ना असं छापून येणार आहे. तेरा सप्टेंबरला पहिला सामना आहे. बाबांना घेऊन जपानला ये. आदल्या दिवशी आपण एदोगावाला जाऊ, मी किक मारीन आणि तू खुर्चीत बसून मोज. धावायचं मी बघतो. पाचवा मोरया तुझ्या तोंडून अजून ऐकलेला नाही. तू ये.

तुझाच,
नचिकेत