कांदे सोलणाऱ्या वेणूविषयी अक्कास

ती. अक्कास धाकट्याचा नमस्कार.

मी थंडीने आखडलोय, पण जिवंत आहे. आईचे गुडघे, आप्पांचा राग आणि तुझं पुण्याचं ऑफिस ठीक असेल. तू आणखी एक स्थळ नाकारलंस म्हणे. आप्पा म्हणतात, आता धाकटा हो म्हणेल तिथेच पोरगी देणार. तुला फोनवर हा विषय काढला की नेटवर्क जातं, म्हणून पत्र. (सातवीत शाळेला रामराम ठोकलेल्याचं अक्षर आहे, सांभाळून घे.)

इंग्लंडातल्या या बेसिंगस्टोकमध्ये आमच्या हॉटेलच्या किचनमध्ये एक संशयित शिरलाय. वेणू, तेलुगू. आठवडाभर बिझनेस पार्कात कॉम्प्युटरची मोठी नोकरी आणि वीकेंडला आमच्याकडे कांदे सोलतो. पगार नको, स्वयंपाक शिकायचाय म्हणे. आता आमच्या मालकीणबाई चटण्या करताना टॅबवर तेलुगू मालिका लावतात, त्या बघून मी पंडित झालोय (अर्धी भाषा सोलापुरातल्या शेजाऱ्यांनीच शिकवली होती). त्यात श्रीमंत हिरो ओळख लपवून मुलीच्या घरी नोकर होतो, सगळ्यात कडू माणसाची सेवा करतो आणि शेवटी हात जोडून म्हणतो, तुमच्या होकाराशिवाय हिला नेणार नाही. म्हटलं, हा मालकाच्या पोरीसाठी आलाय! आमच्या मालकांना, पुरुषोत्तमगारूंना, बाजूला घेऊन सावध केलं. ते म्हणाले, "येड्या, कस्तुरी लग्न होऊन एडिनबराला गेली, तिला जुळं झालंय. तू सांबार बघ, लागतंय."

मग हा सेवा कुणाची करतो? बघतो तर माझी! माझी पातेली घासतो, चहात न सांगता आलं जास्त घालतो, मला वांगं चालत नाही हेही त्याला ठाऊक. परवा तोडक्या मराठीत (पुण्याच्या ऑफिसात शिकलो म्हणे) विचारतो, "आप्पा फार रागीट आहेत का हो?" मी म्हटलं, "कुणाचे आप्पा?" तर लगेच डोळे पुसत म्हणाला, कांदा फार झोंबतो. हातात बटाटा होता.

काल शेंगाचटणी घेऊन आला. दुकानातली म्हणे. अक्का, आईच्या हातची चव मी ओळखणार नाही? आणि झाकणाखाली तुझ्या हिरव्या ओढणीचा तुकडा होता.

याबाबत काही माहिती असल्यास कळवावे. नसल्यास खोटं बोलू नये.

तुझा,
ज्ञानेश्वर

ता.क. तुम्ही दोघं आम्हाला न सांगता पळून तर जाणार नाही ना? तेवढं मात्र खरं सांग. झोप लागत नाही.

ता.क. मला कळलंय हे त्याला सांगू नकोस. ख्रिसमसच्या पार्ट्या आहेत, भांडी डोंगराएवढी पडतात.

ता.क. पार्ट्या उरकल्या की आप्पांशी मीच बोलतो. त्या दिवशी तरी नेटवर्क चालू ठेव.