रॉकेलची वाटी

तासगाव, नागपंचमी, १९७६

माहेरी आल्यापासून आबांच्या फवारणीच्या इंजिनाकडेच लक्ष जात होतं. पंचमीला नांगर-कुदळ बंद, म्हणून आबा दरवर्षी आजच इंजिन खोलायचे. पोरी बाहेर झोके घ्यायच्या, आणि मी स्क्रू बुडवलेली रॉकेलची वाटी धरून बसायची. शिकवायचे ते माझ्या भावाला, महादूला. मला एवढंच, "सांडू नगंस."

आता महादू पलटणीत, आणि आबांना जवळचं दिसत नाही. "ऱ्हाऊ दे, त्यो सुट्टीवर आला की बघंल," म्हणाले. मला राग का यावा? पण आला.

मीच खोललं. प्लगची काजळी खरवडली, हॅक्सॉचं पातं घालून त्याच्या टोकांमधली फट बरोबर आहे का बघितली, ऑइल बदललं. तिसऱ्यांदा दोरी ओढली आणि इंजिन सुरू झालं. तोच निळा धूर, तोच लहानपणचा वास!

"कुणी शिकवलं गं तुला?"

"तुमीच की."

आबांना हे नवीनच होतं. मला तरी कुठं ठाऊक होतं, वाटी धरता धरता सगळं शिकले ते?

एक लिहायचं राहिलंच. आज ती वाटी आबांनी धरली होती, दोन्ही हातांनी. आणि मी मेली त्यांना म्हणाले, "आबा, सांडू नगा."