आईच्या खोलीची भिंत

९ नोव्हेंबर

बुरशी परत आली! कपाट सरकवलं तर मागे काळे ठिपके, पार छतापर्यंत. मागच्या आठवड्यात घासून पुसली होती. कसलं पुसणं, भिंतीची आंघोळ झाली फक्त. बायको म्हणाली, “पाहुणे परत आले वाटतं.” तिला विनोद सुचतात. मला घाम फुटला.

कारण याच खोलीत आई यायचीय. मेव्हणे गेले तेव्हापासून, म्हणजे दोन वर्षं, आई ताईकडे आहे. सगळं ताईच्या एकटीवर. मीच छाती ठोकून सांगितलं — आता माझी पाळी, या थंडीत आईला माझ्याकडे आणतो. आणि आईचा दमा हा असा. डॉक्टरांनी बजावलंय, ओल आणि बुरशीच्या वाऱ्यालासुद्धा उभं राहायचं नाही. ताईचं फोनवर एकच पालुपद : “आधी भिंत वाळव. मग बघू.”

वाळवतो की! पंचवीस वर्षं कोल्ड स्टोरेजच्या खोल्या दुरुस्त करतोय. ओल म्हणजे काय ते मला शिकवणार?

१० नोव्हेंबर, रविवार

आमच्या धंद्यातला पहिला नियम : फट दिसली की बुजवा. बाहेरची दमट हवा आत शिरली की गार पत्र्याला चिकटते आणि तिचं पाणी होतं. दाराचं रबर बोटभर फाटलं तरी आख्ख्या खोलीचं वाटोळं.

म्हणून आज खिडकीला चारी बाजूंनी टेप मारली. वरच्या जाळीत स्पंज कोंबला. दाराखाली रबराची पट्टी, कामावरची, एक नंबर माल. बाहेर गारठ्यात कपडे वाळत नाहीत अशी बायकोची कुरकुर होतीच, तेव्हा दोरीही याच खोलीत बांधून दिली. एका दगडात दोन पक्षी. आता मुंगीसुद्धा आत यायची नाही!

बायको म्हणाली, “मुंगीचं राहू द्या, आई श्वास कुठून घेणार?”

तिला यातलं टेक्निकल कळत नाही. सोडून दिलं.

१४ नोव्हेंबर

खिडकीच्या काचेवर पाण्याचे ओघळ. आतून! सगळं बंद असताना! म्हणजे पाणी वरून येतंय. नक्की वरून. वरच्या मजल्यावर ते गाणं शिकवणारे रिटायर्ड मास्तर राहतात. दिवसातून दोनदा आंघोळ करतात, पाइपाचा आवाज येतो. एवढं धुण्यासारखं काय आहे त्या माणसाकडे?

१६ नोव्हेंबर

वर गेलो. आधी समजुतीने बोलायचं ठरवलं होतं. दुसऱ्याच वाक्याला आवाज चढला.

मास्तर शांतच. म्हणाले, “बूट काढा. या. हात लावून बघा.” मी गुडघ्यावर बसून त्यांची आख्खी फरशी चाचपली. मग बाथरूम. मग पलंगाखाली शिरलो. सगळं कोरडं ठणठणीत! पलंगाखालून बाहेर येताना डोकं आपटलं. मास्तरांनी टेंगळाला लावायला मलम दिलं. वर म्हणाले, “तुमचा आवाज चांगला आहे, वरच्या पट्टीत स्थिर राहतो.”

भांडायला गेलेल्या माणसाला मलम देऊ नये. फार अपमान होतो.

१९ नोव्हेंबर

मालकीणबाईंना बोलावलं. खालच्याच मजल्यावर राहतात, तरी तीन दिवस लावले. दारात उभ्या राहून त्यांनी नुसता वास घेतला.

“तुम्ही घरात चहा उकळता, कपडे वाळवता, वर दोघंजण श्वास घेता. खिडकी उघडा.”

झालं! चोराच्या उलट्या बोंबा! भिंत यांची, बिल्डिंग यांच्या सासऱ्यांच्या काळातली, आणि गुन्हेगार कोण, तर आमचा श्वास! मी म्हटलं, बाई, माझा धंदाच हा आहे. त्या म्हणाल्या, “असेल. पण माझं वय त्र्याहत्तर आहे.” आणि गेल्या.

बायको कपडे घड्या घालत होती. ते अजून ओलेच होते. तिने माझ्याकडे बघितलंही नाही, आणि मला ते ऐकू आलं.

२५ नोव्हेंबर

कपाटातल्या माझ्या एकुलत्या एक कोटाला हिरवी लव.

१ डिसेंबर

ताई पुढच्या रविवारी भिंत बघायला येणार आहे. स्वतः.

रंग आणला. पांढरा. सकाळी एक हात, संध्याकाळी दुसरा. बायको : “खालचं वाळलंय का पण?” मी : “दिसतंय का काही?” बायको : “दिसत नाहीये, हे खरंय.” पटलं तिला.

८ डिसेंबर, रविवार

लिहायची इच्छा नाही, पण लिहितो.

ताई आली. चहासुद्धा नको म्हणाली, थेट खोलीत. मी दाराशी उभा राहून बोलतोय आपला — बघ, सकाळी ऊन इथपर्यंत येतं, पलंग इथे लावू, आईला झाड दिसेल. ताईने भिंतीवर तळहात टेकला. काढला. तळहातावर रंगाचा आख्खा पापुद्रा, आणि भिंतीवर तिच्या हाताएवढं काळं भगदाड. हात माझ्या नाकासमोर धरला. त्याला तळघराचा वास.

“मला फसवलंस तर ठीक आहे रे. पण आईच्या फुप्फुसांनाही रंग लावणार का?”

लहानपणापासून असंच आहे. ती चार वर्षांनी मोठी आणि कायम बरोबर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात तिचा होता.

जाताना जिन्यात म्हणाली, “आई आहे तिथे बरी आहे. तू जिवाला लावून घेऊ नकोस.” म्हणजे काय? मी आईला सांभाळू शकत नाही, असंच ना! मला आईला दोन वेळचं गरम जेवण द्यायचंय, तिच्याशी गप्पा मारायच्यात. ती ऐंशीची आहे. माझ्या घरी येणार कधी ती?

९ डिसेंबर

कामावर दोन स्क्रू जास्त आवळले.

१५ डिसेंबर

आईचा फोन. ताईकडून सगळं कळलेलं दिसतंय. “बुरशीचं काय एवढं घेऊन बसलास? मी तुझ्या बाबांबरोबर एक्केचाळीस वर्षं काढली.” मग हसली, आणि हसताना खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. पलीकडून ताईचा आवाज, आई बस आधी, पाणी घे. फोन ठेवला गेला.

मी हातात फोन धरून त्या भिंतीला चक्क शिवी दिली.

१९ डिसेंबर

आज जे झालं ते कामावर कुणालाही सांगणार नाही. इथे सांगतो.

फळांच्या गोदामातून तक्रार होती, नवी कोल्ड रूम गळतेय म्हणून. गेलो. भिंतींवरून धारा, पेट्यांवर बुरशी. मॅनेजर म्हणे, छत गळतंय. मी छत बघितलं, रबर बघितलं. सगळं चोख. मग कोपऱ्यात बघतो तर धुतलेल्या क्रेट्सची थप्पी. ओल्याच! निथळत्या!

मी सुटलोच. “अहो, पाणी वरून नाही आलं, बाहेरूनही नाही आलं! तुम्हीच आत आणलंत! ओल्या वस्तू आत कोंडता, दार घट्ट लावता, वर म्हणता पाणी कुठून आलं? ते बिचारं जाणार कुठे? बसणार सगळ्यात गार भिंतीवर! इतकी साधी गोष्ट शेंबड्या पोराला—”

आणि परत त्या थप्पीकडे बघितलं.

मॅनेजर म्हणाला, “काय झालं?”

म्हटलं, “काही नाही. घरी फोन करायचाय.”

बायकोला विचारलं, दोरीवर काय आहे? म्हणाली, “दोन चादरी, चार टॉवेल, तुमच्या तीन पँटी. का?” मी म्हटलं, खिडकी उघड. म्हणाली, “टेप तुम्हीच येऊन काढा. मला तुमचं तोंड बघायचंय.”

बघितलं तिने. पोटभर बघितलं.

२० डिसेंबर

टेप काढली, स्पंज काढला, दोरी गॅलरीत नेली. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. तो ढोंगी रंग खरवडून काढला. औषध लावून भिंत घासली, नाकाला फडकं बांधून. सकाळ-संध्याकाळ खिडक्या सताड उघड्या. हुडहुडी भरते, पण काचेवर एक थेंब नाही.

वर जाऊन मास्तरांची माफी मागितली. त्यांनी टेंगूळ बसलं का विचारलं. मग खाली मालकीणबाईंकडे. त्या म्हणाल्या, “आता घ्या श्वास.” एवढंच. त्र्याहत्तराव्या वर्षी माणसं फार बोलत नाहीत, बरोबर बोलतात.

३ जानेवारी

भिंतीला कागदी रुमाल दाबून धरला. कोरडा! बायकोला दाखवला. शेजारी दाखवायला निघालो होतो, तिने मागे ओढलं.

१२ जानेवारी, रविवार

ताई आली. यावेळी मी एक शब्द बोललो नाही. तिने चारी भिंतींना हात लावला. कपाटामागे वाकून बघितलं. वास घेतला. काही नाही! मला वाटलं, आता पाठीवर थाप पडणार.

तर म्हणाली, “जिना फार उभा आहे.” मग म्हणाली, गादी मऊ आहे. मग दिव्याचं बटण पलंगापासून लांब आहे. मग तो समोरचा कुत्रा रात्री भुंकतो का? अगं, मी कुत्र्यालाही टेप लावू का आता? चिडलोच. म्हटलं, सरळ सांग ना, तुझा माझ्यावर विश्वास नाही! ताई खिडकीबाहेर बघत राहिली. म्हणाली, “पुढच्या रविवारी आणते आईला.”

जिंकलो! बायको मात्र म्हणाली, “तुम्ही उगाच ओरडलात.” कुठे ओरडलो? माझा आवाज वरच्या पट्टीत स्थिर असतो.

१६ जानेवारी

बटण पलंगाजवळ घेतलं. गादी बदलली. कुत्र्याच्या मालकाशी ओळख करून घेतली.

१९ जानेवारी, रविवार

आई आली. दोनदा जिन्यात थांबून, पण आली. खोलीत शिरून खोल श्वास घेतला, खोकली नाही. आता झोपलीय.

ताई निघाली होती. एक बूट घातला आणि दारातच खाली बसली. दुसरा हातात. म्हणाली, “भिंत ओली होती तेच बरं होतं रे. घरी गेले की आता हाक कुणाला मारू?” आणि रडायला लागली. ताई! मी तिला मेव्हण्यांच्या वेळीसुद्धा रडताना बघितलं नव्हतं.

दोन वर्षं मी समजत होतो, ती आईला सांभाळतेय.

तिच्या हातातला बूट घेतला, पायातला काढला, दोन्ही आत नेऊन ठेवले. बायको दुसरी गादी शोधतेय.