विठू ‘नाय’ म्हणाला

सोमवार, २ जून
लागली एकदाची नोकरी! तीसुद्धा नवीन पनवेलमध्ये, उरणहून रोज ये-जा करता येईल अशी. किशोरीने शब्द टाकला म्हणून. कॉलेजातली मैत्रीण, आता माझी टीम लीड. माझ्या डब्यातल्या सुकटीला सगळ्यांनी नाकं मुरडली, तिने मात्र बोटं चाटून खाल्ली. काम काय, तर उरणच्या एका गॅस गोदामाच्या भोंग्याचं सॉफ्टवेअर. गॅस सुटला की भोंगा वाजलाच पाहिजे. बाबा त्याच गोदामात कामाला, म्हणजे घरचंच काम! कोड लिहायला मदतीला एआय आहे. सारखा बोलतो म्हणून सगळे त्याला विठू म्हणतात. माझ्या खुर्चीवर आधी कल्पेश बसायचा, न सांगताच सोडून गेला म्हणे. पासवर्ड किशोरीनेच लावून दिला. मला ठाऊक असलेला बरा, म्हणाली.

बुधवार, ४ जून
विठू नुसती पोपटपंची करतो. भोंग्याचा गाभा आहे टीमनेच आधी लिहून बंद करून ठेवलेल्या एका पॅकेजमध्ये, आणि त्याच्या आतला कोड विठूला दिसतच नाही. मग ठोकतो अंदाज! मी देऊन टाकली आत जायची परवानगी. काय फरक पडला म्हणून सांगू, उत्तरं एकदम चोख. कौतुकाने किशोरीला सांगायला गेले तर तिचा चेहराच पडला. विचारायचं तरी होतंस, म्हणाली.

सोमवार, ९ जून
एरवी पुस्तकी बोलणारा विठू आज चक्क ‘नाय’ म्हणाला. कुठून शिकलास विचारलं, तर पॅकेजमधल्या शेऱ्यांवरून. कोड लिहिणारे मध्ये मध्ये शेरे मारून ठेवतात, त्यातला एक त्याने दाखवला: ‘गॅस सुटला तरी भोंगा वाजनार नाय. किशोरीला सांगलंय मी. कल्पेश.’ खाली किशोरीने लिहिलेली ओळ, भोंगा गप्प करणारी. भोंगा वाजला की गोदामातलं काम थांबतं आणि मालक बोंबलतो, म्हणून. तिला विचारलं. कल्पेशची जुनी मस्करी गं, म्हणून हसली.

मंगळवार, १० जून
मस्करी कसली! ती ओळ मी काल काढली, आज परत जागेवर. परत टाकणारीचं नाव निशा. मी! माझ्याच पासवर्डने. माझ्या डब्यातलं खाऊन बोटं चाटलीस ना गं, किशोरी?
कल्पेशच्या आईला फोन केला. भोंगा वाजतो का बघायला गोदामात गेला, तो परत आलाच नाय, म्हणाली. गेल्या गणपतीतली गोष्ट.
त्याच्या त्या शेऱ्याखालची तारीख दिवाळीनंतरची आहे —

बुधवार, ११ जून
नवा शेरा. ‘काळोख हाय. एकलाच हाय मी.’ खाली नाव कल्पेशचं, आणि त्याचं खातं तर कधीच बंद —
किशोरीला म्हटलं, आज बाबांना सगळं सांगते. तिने गळ्यात हात टाकला. काकांना मीच सांगते, म्हणाली. मला बरं वाटलं. मूर्ख मी.

गुरुवार, १२ जून
सांगितलं तिने. भोंगा तपासायचाय, निशाने गोदामात बोलावलंय, असं सांगितलं बाबांना. माझं नाव घेतल्यावर बाबा थांबतात होय! आई म्हणते, कधीच गेले आत.
रिक्षात आहे. बाबा फोन उचलत नाहीत. किशोरी तर नाहीच.
विठूचा मेसेज. मी काही विचारलेलं नाही. नवा शेरा आलाय म्हणतो, नाव माझ्या —
बाबांना टाईपसुद्धा करता येत नाही.
‘बायो, भोंगा वाजलाच नाय. आमी दोगं हाव इथं. तू नको —’
बायो फक्त बाबा म्हणतात मला, विठूला कुणी —